‘विजेता खेळ आम्ही प्रकाशित करू’: बोर्डगेम रचनास्पर्धांच्या अटींचा अर्थ

पटावरचा नवा खेळ रचून पाठवा, परीक्षकांना पसंत पडला तर आम्ही तो छापू, बाजारात आणू आणि विक्रीतला वाटाही देऊ, अशा आशयाची आवाहने आता पुण्यातल्या बोर्डगेम खेळणाऱ्यांच्या मोबाइलवर नियमित येऊ लागली आहेत. काही स्पर्धा देशी प्रकाशकांच्या असतात, काही परदेशी असतात. केंद्र सरकारनेही जानेवारी २०२१ मध्ये ‘टॉयकॅथॉन’ या नावाने खेळणी आणि खेळ रचण्याची स्पर्धा जाहीर केली होती. शहरात बोर्डगेम कॅफे आहेत, शनिवार-रविवारी जमणारे गट आहेत, आणि दिवसभर हिंजवडीत नोकरी करून रात्री जाड कागदाचे पत्ते कापत बसणारी मंडळीही आहेत. त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो की, स्पर्धा जिंकली तर खेळ खरोखर छापला जाईल का. त्याहून महत्त्वाचा, पण फारसा कुणी न विचारणारा प्रश्न असा आहे की, प्रवेशिका भरतानाच आपण समोरच्याला काय काय देऊन टाकतो. स्पर्धेची नियमावली हाच मुळात एक करार असतो, आणि बक्षिसाच्या रकमेआधी तो वाचायला हवा, हे माझे ठाम मत आहे.

खेळ रचणारा आणि खेळ प्रकाशित करणारा

पुढे येणारे तीन शब्द आधी स्पष्ट करून घेऊ. नियम, उद्दिष्ट, आकडे आणि खेळाडूंसमोरचे पर्याय यांची जुळणी करणारा तो रचनाकार. त्याने घरी, हाताने बनवलेली खेळण्याजोगी प्रत म्हणजे नमुना, ज्याला या वर्तुळात सर्रास प्रोटोटाइप म्हटले जाते. आणि त्या नमुन्यावरून चित्रे काढून घेणे, नियमपुस्तिकेचे संपादन करणे, हजारो प्रती तयार करून घेणे, सुरक्षेच्या चाचण्या, गोदाम, वितरण आणि जाहिरात ही सगळी कामे स्वतःच्या पैशाने करणारा तो प्रकाशक. रचनाकाराचे काम कल्पकतेचे असते, तर प्रकाशकाचे काम भांडवलाचे आणि जोखमीचे असते.

पुणेकरांना यातला फरक पुरुषोत्तम करंडकाच्या उदाहरणाने चटकन कळेल. महाविद्यालयीन एकांकिकेला भरत नाट्य मंदिरात करंडक मिळाला, म्हणजे त्या संहितेवर व्यावसायिक नाटक उभे राहिले असे होत नाही. त्यासाठी निर्माता लागतो, तारखा लागतात, दौरे लागतात आणि लेखकाशी वेगळा करार करावा लागतो. करंडकामुळे निर्मात्याच्या दारापर्यंतची वाट सोपी होते, एवढेच. २०२२ मध्ये तर परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची ठरवली नव्हती, आणि तसे करण्याचा अधिकार त्यांना होता. बोर्डगेमच्या अनेक स्पर्धांच्या नियमावलीतही ‘एकही प्रवेशिका योग्य न वाटल्यास प्रकाशन न करण्याचा हक्क आयोजक राखून ठेवत आहेत’ अशा अर्थाचे वाक्य शेवटच्या पानावर असते. ते वाक्य गैर नाही, मात्र ते तिथे आहे हे आधीच माहीत असलेले बरे.

या स्पर्धा चालतात कशा?

अप्रकाशित खेळांच्या स्पर्धांची परंपरा युरोपात जुनी आहे. पॅरिसला लागून असलेल्या बुलोन-बियांकूर या शहरात १९७७ पासून खेळ रचणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. जर्मनीत ‘हिप्पोडाइस’ या खेळप्रेमींच्या क्लबने चालवलेली स्पर्धा, इटलीतील व्हेनिसची ‘प्रेमिओ आर्किमेदे’ आणि अमेरिकेतील ‘कार्डबोर्ड एडिसन’ पुरस्कार ही आणखी काही ठळक नावे. ‘श्पील देस यारेस’ या प्रसिद्ध जर्मन पुरस्काराशी यांची गल्लत होऊ देऊ नये. १९७९ पासून दिला जाणारा तो पुरस्कार बाजारात आलेल्या खेळांसाठी असतो, आणि १९९५ मध्ये तो मिळाल्यावर क्लाउस टॉयबर यांचा ‘कातान’ जगभर पोहोचला. वर सांगितलेल्या स्पर्धा त्याच्या बऱ्याच आधीच्या टप्प्यावरच्या, म्हणजे घरी बनवलेल्या नमुन्यांच्या आहेत.

निवड बहुतेक ठिकाणी टप्प्याटप्प्याने होते. पहिल्या फेरीत नियमपुस्तिका, एका पानाचे माहितीपत्रक आणि काही मिनिटांची चित्रफीत एवढेच मागवले जाते. त्यातून निवडलेल्या मोजक्यांचे नमुने पोस्टाने किंवा कुरियरने बोलावले जातात, आणि शेवटच्या फेरीत परीक्षक ते प्रत्यक्ष खेळून पाहतात. परीक्षकांमध्ये प्रकाशकांचे संपादक असतील, तर जिंकणाऱ्याइतकाच तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या स्पर्धकालाही फायदा होऊ शकतो, कारण संपादक आपल्या यादीत बसणारा खेळ शोधत असतो आणि तो दर वेळी पहिलाच येतो असे नाही.

नवख्यांची सर्वांत मोठी गाळणी पहिल्याच फेरीत होते आणि तिचे कारण बहुधा कल्पनेचा अभाव नसून अस्पष्ट नियमपुस्तिका हे असते. रचनाकार शेजारी बसून ‘इथे असे करायचे’ म्हणून सांगत असेल, तर कोणताही खेळ चालतो. परीक्षकांकडे मात्र फक्त कागद जातो. म्हणूनच अनोळखी चार जणांच्या हाती डबा द्यावा, स्वतः गप्प बसावे आणि ते कुठे अडखळतात ते लिहून घ्यावे, या पद्धतीच्या चाचणीला जाणकार फार महत्त्व देतात. आपल्याकडे पाहुण्यांसमोर ही चाचणी करण्याचा मोह होतो, पण ज्यांना चहा दिला आहे ते खेळाला वाईट म्हणत नाहीत.

चित्रांवर खर्च करण्याची मात्र गरज नसते. प्रकाशक आपल्या चित्रकाराकडून सगळे नव्याने करून घेतो, अनेकदा विषयच बदलतो आणि शेतीचा खेळ अंतराळाचा होऊन बाहेर पडतो. अप्पा बळवंत चौकातून आणलेला जाड कागद, रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणलेले मणी आणि जुन्या ल्यूडोतले फासे एवढ्यावर उत्तम नमुना तयार होतो. वाचता येईल असा टाइप आणि झटकन ओळखू येतील असे रंग असले, म्हणजे पुरे.

‘प्रकाशनाची संधी’ म्हणजे नेमके काय?

जाहिरातीतली वाक्ये वरवर सारखी दिसली तरी त्यांचा अर्थ वेगवेगळा असतो. ‘विजेत्या खेळाचे प्रकाशन केले जाईल’ हे आश्वासन आहे. ‘विजेत्याला प्रकाशन कराराचा प्रस्ताव दिला जाईल’ यात प्रस्ताव मिळण्याची हमी आहे, पण तो कोणत्या अटींवर असेल त्याची नाही. ‘विजेत्या खेळाचा प्रकाशनासाठी विचार केला जाईल’ यात कसलीच हमी नाही, कारण विचार तर न जिंकलेल्या खेळाचाही करता येतो.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २९ नुसार ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो निरर्थक ठरतो. रॉयल्टी किती, किती प्रती, किती काळात, यांपैकी काहीच न सांगता ‘नंतर करार करू’ असे म्हटले असेल, तर त्या वाक्याच्या आधारे न्यायालयात फारसे काही हाती लागणार नाही. उलट आपल्या बाजूने दिलेली संमती अगदी निश्चित स्वरूपाची असते. ऑनलाइन अर्जातल्या ‘मला अटी मान्य आहेत’ या चौकटीवर टिचकी मारून झालेला करार केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपाचा आहे म्हणून अवैध ठरत नाही, अशी तरतूद माहिती तंत्रज्ञान अधिनियमात आहे. म्हणजे आयोजकाचे वचन मोघम आणि स्पर्धकाचे वचन पक्के, अशी विषम स्थिती सहज निर्माण होते. माझा आक्षेप आहे तो या विषमतेला.

नियमावलीत विशेष लक्ष देऊन शोधण्याजोगी वाक्ये तीन-चारच असतात. पाठवलेल्या सर्व प्रवेशिकांचे, म्हणजे हरलेल्यांचेही, हक्क आयोजकांकडे जातील असे कुठे म्हटले असेल, तर त्या स्पर्धेपासून दूर राहावे. त्याचे समर्थन मला आजवर पटलेले नाही. निकालापर्यंत खेळ दुसऱ्या कुणाला दाखवू नये ही अट रास्त आहे, पण तिला तारखेची मर्यादा हवी. निकाल लांबला तर वर्षभर हात बांधून बसावे लागते. ‘तुमच्या खेळाशी साम्य असलेला खेळ आम्ही पुढे काढल्यास तक्रार करणार नाही’ या अर्थाचे कलम मात्र प्रामाणिक प्रकाशकांकडेही असते, कारण त्यांच्याकडे आधीपासून काम सुरू असलेला खेळ योगायोगाने तसाच असू शकतो. स्पर्धकाने ते कलम पाहून बिचकू नये, आयोजकाची आजवरची वागणूक पाहून निर्णय घ्यावा. पूर्वी जिंकलेले खेळ आज दुकानात मिळतात का, हे पाहणे त्यासाठी पुरेसे असते.

रॉयल्टीचा हिशेब

रॉयल्टी म्हणजे विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे रचनाकाराला मिळणारा वाटा. बोर्डगेमच्या व्यवसायात तो साधारण ५ ते ८ टक्के असतो. हा आकडा ऐकून अनेकांची निराशा होते, पण टक्क्यांपेक्षा ते कशाचे टक्के आहेत, हा प्रश्न जास्त मोलाचा आहे.

समजा, एका खेळाची छापील किंमत १,२०० रुपये आहे. प्रकाशक वितरकाला तो ४५ टक्क्यांना देतो असे धरले, तर प्रकाशकाच्या हाती ५४० रुपये येतात. रॉयल्टी ६ टक्के असेल आणि ती प्रकाशकाच्या हाती आलेल्या रकमेवर असेल, तर रचनाकाराला एका प्रतीमागे ३२ रुपये ४० पैसे मिळतात, आणि हजार प्रतींची पहिली आवृत्ती पूर्ण संपली तर ३२,४०० रुपये. तीच ६ टक्के रॉयल्टी छापील किमतीवर असती, तर हजार प्रतींचे ७२,००० रुपये झाले असते. आणि करारात ‘निव्वळ नफ्यावर’ असे शब्द असतील, तर निर्मिती, जाहिरात, प्रदर्शने आणि कार्यालयाचे भाडे असा कोणताही खर्च वजा होऊन मागे शून्य उरू शकते. व्याख्या न दिलेला ‘निव्वळ’ हा शब्द करारात दिसला, की त्यातून काय काय वजा होणार याची यादी लेखी मागावी. त्याबरोबरच किती महिन्यांनी हिशेब मिळणार, आगाऊ रक्कम किती आणि प्रकाशन झाले नाही तर ती परत करावी लागणार का, हेही विचारून घ्यावे.

या आकड्यांवरून एवढे दिसते की, पहिल्या खेळावर नोकरी सोडण्याचा विचार करू नये. हप्ता भरणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगण्याची गरज नाही, पण स्पर्धांच्या जाहिराती त्याच्या उलट सुचवतात.

कल्पना कुणी चोरली तर?

हा आक्षेप सर्वांत आधी येतो आणि त्याचे उत्तर थोडे कटू आहे. खेळाच्या कल्पनेला भारतात कायद्याचे संरक्षण जवळपास नाही. पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ३ मधील (एम) या उपकलमानुसार खेळ खेळण्याची पद्धत हा शोध मानला जात नाही, त्यामुळे केवळ नियमांना पेटंट मिळत नाही. कॉपीराइट मिळतो तो अभिव्यक्तीला. तुमच्या नियमपुस्तिकेतील मजकूर, पटावरचे चित्र आणि पत्त्यांवरची रेखाटने कुणी उचलली, तर दाद मागता येते. पण ‘फासे टाकून धान्य गोळा करायचे आणि त्यातून वाडा बांधायचा’ ही यंत्रणा दुसऱ्याने स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या चित्रांसह मांडली, तर तिच्यावर मालकी सांगता येत नाही. कॉपीराइट निर्मितीबरोबरच आपोआप मिळतो आणि नोंदणी सक्तीची नसते. नावाचे संरक्षण हवे असेल, तर ट्रेडमार्कचा मार्ग वेगळा आहे.

मग नमुना दाखवायचाच नाही का? असे केल्यास स्पर्धा सोडाच, चाचणीसुद्धा होणार नाही. व्यवहारात धास्ती वाटते तितक्या चोऱ्या होत नाहीत, कारण हे वर्तुळ लहान आहे, बदनामी लवकर पसरते आणि रचनाकाराला काही टक्के देऊन पॉलिश केलेला खेळ घेणे हे कच्च्या कल्पनेवर स्वतः वर्ष-दोन वर्षे घालवण्यापेक्षा प्रकाशकाला स्वस्त पडते. गोपनीयतेच्या करारावर सही मागणाऱ्या नवख्याला बहुतेक प्रकाशक नम्रपणे नकार देतात. त्याऐवजी नियमांच्या प्रत्येक आवृत्तीवर तारीख घालून ती स्वतःलाच ईमेल करून ठेवावी आणि चाचण्यांची वही ठेवावी. मजकूर उचलला गेल्याचा वाद उद्भवला, तर तिचा पुरावा म्हणून उपयोग होतो.

हक्क किती काळासाठी आणि कुठे?

‘मोनोपॉली’ची, म्हणजे आपल्याकडे ‘व्यापार’ म्हणून घरोघरी खेळल्या गेलेल्या खेळाच्या मूळ रूपाची, हकिकत इथे सांगायला हवी. अमेरिकेतील लिझी मॅगी यांनी ‘द लँडलॉर्ड्स गेम’ रचला आणि १९०४ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. त्यांच्याच कल्पनेवरून विकसित झालेला ‘मोनोपॉली’ चार्ल्स डॅरो यांच्याकडून विकत घेतल्यावर पार्कर ब्रदर्स या कंपनीने १९३५ मध्ये मॅगी यांच्याकडून त्यांचे पेटंट ५०० डॉलरना घेतले. रॉयल्टी नाही. डॅरो यांना मात्र ती मिळाली आणि शोधकर्ता म्हणून नावही दीर्घकाळ त्यांचेच झाले.

एकरकमी विक्री नेहमीच वाईट असते असे नाही, पण ती करताना काय सोडतो आहोत ते कळायला हवे. आपल्या कॉपीराइट अधिनियम, १९५७ मधील कलम १९ या बाबतीत लेखकाच्या बाजूने बरेच काही बोलते. हक्क सोपवण्याचा करार लेखी आणि सहीनिशी असावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर तो करार भारतापुरताच मानला जातो. हक्क घेऊन प्रकाशकाने वर्षभर त्यांचा वापरच केला नाही, तर ते हक्क संपुष्टात येतात, मात्र करारात वेगळे काही म्हटले नसेल तरच. आणि नेमके हेच ‘वेगळे काही’ बहुतेक तयार मसुद्यांत म्हटलेले असते. ‘सर्व हक्क, सर्वकाळ, जगभर’ हे तीन शब्दसमूह एकत्र आले, की कायद्याने दिलेले हे सगळे संरक्षण एका ओळीत निघून जाते. त्याऐवजी ठरावीक मुदतीत खेळ बाजारात आला नाही किंवा नंतर ठरावीक काळ छपाईबाहेर राहिला, तर हक्क रचनाकाराकडे परत येतील, असे कलम मागावे. विस्तारसंच, मोबाइलवरची आवृत्ती आणि परभाषेतील आवृत्त्या यांचा उल्लेखही वेगळा हवा.

डब्यावरच्या नावासाठीही भांडावे लागले आहे. १९८८ मध्ये न्यूरेंबर्गच्या खेळणी प्रदर्शनाच्या वेळी तेरा रचनाकारांनी बियरच्या ग्लासाखाली ठेवतात त्या पुठ्ठ्याच्या चकतीवर सह्या केल्या आणि डब्यावर नाव छापल्याशिवाय कुणीही प्रकाशकाला खेळ द्यायचा नाही असे ठरवले. राइनहोल्ड विटिग आणि अलेक्स रँडॉल्फ त्यांत होते. आज युरोपीय खेळांच्या डब्यावर रचनाकाराचे नाव ठळकपणे दिसते, त्यामागे ती चकतीही आहे. करारात हे एक ओळीचे कलम घालायला प्रकाशकाला पैसा लागत नाही.

प्रवेश शुल्क घेणारी स्पर्धा फसवीच असते का?

नाही. चित्रफिती पाहणे, नियम वाचणे, नमुने खेळून पाहणे यांत परीक्षकांचा वेळ जातो, आणि माफक शुल्काच्या बदल्यात प्रत्येक स्पर्धकाला लेखी अभिप्राय मिळत असेल, तर तो व्यवहार चांगला आहे. ‘कार्डबोर्ड एडिसन’मध्ये परीक्षकांचे अभिप्राय स्पर्धकांपर्यंत पोहोचतात, आणि हरलेल्यांसाठी तोच खरा लाभ असतो. शुल्क मोठे, परीक्षकांची नावे गुप्त आणि अभिप्रायाचा पत्ता नाही, असे दिसले तर आयोजकाचे उत्पन्न खेळांतून नव्हे, स्पर्धकांकडून येते आहे असे समजावे.

मग स्वतःच का छापू नये?

छापता येते, आणि काहींनी यशस्वीपणे छापले आहे. २०१९ मध्ये झैन मेमन यांचा ‘शासन’ हा राजकारणावरचा भारतीय खेळ किकस्टार्टरवर, म्हणजे ग्राहकांकडून आधीच पैसे गोळा करण्याच्या संकेतस्थळावर, आला आणि जगभर गेला. पण त्या वाटेवर रचनाकार स्वतःच प्रकाशक होतो. सदाशिव पेठेतला छापखाना पन्नास प्रती आनंदाने काढून देईल, पण एका प्रतीची किंमत दुकानात विकता येणार नाही इतकी होईल. परवडणाऱ्या दरासाठी हजाराच्या आसपास प्रती काढाव्या लागतात आणि त्या डब्यांसाठी घरातली एक खोली जाते. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांसाठीच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. त्यामुळे कुटुंबाचा खेळ काढायचा, तर मानक ब्युरोचा परवाना असलेला उत्पादक शोधणे आले. प्रकाशक ९२ ते ९५ टक्के स्वतःकडे का ठेवतो, याचे उत्तर बरेचसे या कामांत आहे.

नोकरी करणाऱ्यांसाठी आणखी एक कागद

पुण्यात खेळ रचणाऱ्यांमध्ये संगणक क्षेत्रातले लोक बरेच दिसतात, म्हणून स्पर्धेच्या नियमावलीबरोबर स्वतःचे नियुक्तिपत्रही पुन्हा वाचावे. कॉपीराइट अधिनियमाच्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक कंपनी असते. फावल्या वेळात घरी रचलेला खेळ त्यात सहसा येत नाही. पण अनेक नियुक्तिपत्रांतील कलमे याहून व्यापक असतात आणि नोकरीच्या काळात केलेली कोणतीही निर्मिती कंपनीची असेल, असे सांगतात. दुसरीकडे, स्पर्धेच्या अर्जात ‘हा खेळ पूर्णपणे माझ्या मालकीचा असून त्यावर अन्य कुणाचा हक्क नाही’ असे हमीपत्र द्यावे लागते. या दोन्ही कागदांवर सही एकाच माणसाची असते. तेव्हा कंपनीच्या लॅपटॉपवर नियमपुस्तिका लिहू नये, कार्यालयाच्या ईमेलवरून प्रवेशिका पाठवू नये, आणि नियुक्तिपत्रातले कलम व्यापक असेल तर मनुष्यबळ विभागाकडून ‘या छंदाशी कंपनीचा संबंध नाही’ असे दोन ओळींचे पत्र अर्ज भरण्यापूर्वी घ्यावे. खेळ जिंकल्यावर तेच पत्र मागायला गेल्यास ते मिळायला जास्त वेळ लागतो.